दोन टोप्यांचा पर्सी

हॉब्सन्स ड्रोव्ह या गावात पर्सी गॅदरकोलशी काही बोलायचं असेल, तर आधी त्याच्या डोक्याकडे बघावं लागे. डोक्यावर निळी कॅनव्हासची टोपी असली तर तो पाणी मंडळाचा माणूस. त्याच्याशी चर, पंप आणि बटाटे याविषयी बोलावं. हिरवी लोकरीची टोपी असली तर तो पक्षी मंडळाचा. शेजारच्या रूबेन फेअरीने एकदा सकाळी दहा वाजता त्याला विचारलं, की काल आभाळातून बकरीसारखा आवाज येत होता, तो पाणलावा पक्ष्याचाच ना? पर्सीने खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि एकनंतर ये म्हणून सांगितलं. रूबेन त्याच्या वर्गातला, लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, पण पर्सीला घड्याळ त्याहून मोठं.

निळी टोपी आधीची, सव्वीस वर्षांची. या मुलखात नदी उंच बांधांमधून, घरांच्या कौलांपेक्षा वरून जाते आणि माणसं तिच्या खाली राहतात, त्यामुळे पाण्याकडे लक्ष ठेवणारा कोणीतरी लागतोच. काळी माती दर वर्षी थोडी बसते, घरं तिच्याबरोबर कलतात, आणि पर्सीच्या ताटातला वाटाणा सुटला की थेट त्याच्या बायकोच्या, ऑलिव्हच्या बाजूला जातो. पर्सीकडे एक दार होतं. दार म्हणजे दोन खांबांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या ओकच्या फळ्या. दाराच्या एका बाजूला पाच एकरांचं ओलं कुरण, दुसऱ्या बाजूला मोठा चर. फळी काढली की कुरणाचं पाणी चरात उतरायचं, चरातून पंप ते उपसून नदीत टाकायचा. फळी बसवली की कुरण तुडुंब.

मग पक्षी मंडळाने ते कुरण विकत घेतलं. त्यांना राखणदार हवा होता, आणि त्या दाराची फळी कुठे अडते, कुठे लाथ मारावी लागते, हे माहीत असलेला माणूस सगळ्या परगण्यात एकच होता. अशी पर्सीला दुसरी टोपी मिळाली. सकाळी बारापर्यंत निळी, दुपारी एकनंतर हिरवी. मधला तास जेवणाचा. त्या तासात पर्सी उघड्या डोक्याने बसे आणि कोणाचाच नोकर नसे.

पंचाईत अशी, की दोन्ही मंडळांना नेमकं उलटं हवं असे. कुरणाचं पाणी काळ्या मातीतून पाझरून बटाटे कुजवतं, म्हणून पाणी मंडळ म्हणे फळ्या काढा. चिखल असेल तरच पाखरांना चोच खुपसता येते, म्हणून पक्षी मंडळ म्हणे फळ्या बसवा. एका मंडळाचा नियम होता की फळी हलवायला दुसऱ्याची लेखी विनंती हवी. दुसऱ्याचा होता की हरकत असल्यास लेखी नोंदवावी. दार सांभाळणारा माणूस एकच आहे हे दोन्हीकडच्या साहेबांना ठाऊक होतं, पण नियमाच्या कागदावर त्याला जागा नव्हती.

तेव्हा पर्सी दुपारी हिरव्या टोपीत पत्र लिहून स्वतःला पाठवू लागला, आणि सकाळी निळ्या टोपीत त्याला उत्तर देऊ लागला. ही पत्रं या खणातून त्या खणात टाकली असती तरी चाललं असतं. पण पर्सी सरळ माणूस. पत्र म्हणजे तिकीट लावून पोस्टात टाकलेलं, शिक्का बसलेलं. पोस्ट त्याच्याच घराच्या पुढल्या खोलीत होतं आणि पोस्टमास्तरीण होती ऑलिव्ह. दुपारी दोनला गाडी थैली घेऊन शहरात जायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पत्र ऑलिव्ह त्याच्या चहाच्या कपाला टेकवून ठेवायची.

आधी ही पत्रं गोड असत. तीनेक वर्षांत भाषा बदलली. ‘आपल्या माणसाच्या बेपर्वाईबद्दल खेद वाटतो,’ असं हिरव्या टोपीने एकदा लिहिलं, तर निळ्या टोपीतला पर्सी ते वाचून लालबुंद झाला आणि अंडं तसंच टाकून उठला.

ऑलिव्ह म्हणाली, “तुझं तुझ्याशी पटत नाही, मग माझ्याशी तीस वर्षं कसं पटलं?”

“तू लेखी कधी काही मागितलं नाहीस,” पर्सी म्हणाला.

अकराव्या वर्षी मे महिन्यात कुरणात गॉडविटचं जोडपं उतरलं. लांब चोच, लांब पाय, विटकरी छाती. हा पक्षी या भागात पर्सीच्या आजोबांच्या वेळेपासून कोणी पाहिला नव्हता, आणि त्याला कारण बहुधा आजोबाच होते. शेवटचा गॉडविट त्यांनी कांदा आणि डुकराची चरबी घालून खाल्ला, असं घरात अभिमानाने सांगत असत. पर्सीही लहानपणी ते अभिमानाने सांगत असे. आता कुंपणाच्या तिसऱ्या खुंटापाशी उंचवट्यावर, गवताच्या खळग्यात चार हिरवट अंडी पाहिली, तेव्हा त्याला आजोबांची लाज वाटली. त्याने गावात ब्र काढला नाही. फक्त ऑलिव्हला सांगितलं, तेही बारा ते एकमध्ये.

अंडी उबवायला घेऊन एकवीस दिवस झाले, पिल्लं बाहेर यायला तीन-चार दिवस उरले, आणि वरच्या अंगाला पावसाने धार धरली. नदी फुगली. पंप छाती फुटेतो चालत होता, तरी मोठा चर काठोकाठ. कुरणातही पाणी चढत होतं. सोमवारी दुपारी हिरव्या टोपीतल्या पर्सीने उंचवट्यापाशी बोटं लावून बघितलं तर घरटं पाण्यापासून चार बोटं वर. त्याने घरी येऊन तातडीचं पत्र लिहिलं: ‘कृपया दोन फळ्या ताबडतोब काढाव्यात.’ अकरा वर्षांत पक्षी मंडळाने फळ्या काढा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. पण तोवर तीन वाजले होते आणि थैली दोनलाच गेली होती.

मंगळवारी सकाळी निळ्या टोपीतला पर्सी दारावर उभा राहिला. घरटं आता दोन बोटं वर होतं. मादी तशीच बसून होती, फक्त मान जरा उंच केली होती. फळ्या काढाव्यात तर चर उतू जाणार आणि पाणी थेट रूबेनच्या बटाट्यात शिरणार. पाणी मंडळाच्या कॉथॉर्न साहेबांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, की लेखी विनंतीशिवाय फळीला हात लावायचा नाही. त्यात फायलीत हिरव्या टोपीचं एप्रिलमधलं पत्र होतंच: ‘यापुढे एकही फळी काढल्यास मंडळ गंभीर दखल घेईल.’ पर्सीने ते दोनदा वाचलं. हा इसम कोण लागून गेला, असं त्याला मनापासून वाटलं.

पावणेबाराला तो पोस्टात आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

“कालचं पत्र दे,” तो म्हणाला.

“थैलीत आहे. थैलीला सील केलंय.”

“फोड सील.”

“राणीसाहेबांच्या टपालाची थैली आहे ती पर्सी, तुझी नाही. दोनला जाईल, उद्या सकाळी मिळेल.” ऑलिव्हने चष्मा वर केला. “आणि आत काय लिहिलंय ते तुला माहीत नाही का?”

“माहीत आहे. पण ते मला मिळालेलं नाही.”

इतर कुठल्याही दिवशी ती हसली असती. पण पर्सी थैलीच्या सीलवरून नजर काढत नव्हता. काडीमोडाला टेकलेल्या जोडप्यांच्या पत्रांपासून मरणाच्या तारांपर्यंत सगळं त्या खिडकीतून गेलं होतं. माणूस कधी खरोखर अडचणीत आहे हे ऑलिव्हला कळत असे. भिंतीवरच्या घड्याळाने बाराचे ठोके दिले तशी ती काउंटरमागून बाहेर आली, ‘जेवणासाठी बंद’ची पाटी लावली, आणि पर्सीच्या डोक्यावरची निळी टोपी काढून खुंटीला अडकवली.

“आता कोणाचा माणूस तू?”

“कोणाचा नाही. जेवायला आलोय.”

“मग सांग. किती पाणी उतरायला हवं?”

“तीन बोटं. पण जाणार कुठे? चरात जागा नाही.”

ऑलिव्हने मागच्या खिडकीतून बाहेर बघितलं. मागे बाग आणि डुकराचा वाडा मिळून पाऊण एकर, सगळ्या ड्रोव्हमधली सगळ्यात खोल जमीन. चराच्या बांधातून तिथे एक जुनी मोरी येत होती, कोरड्या उन्हाळ्यात बागेला पाणी घ्यायला. बागेत ऑलिव्हच्या स्ट्रॉबेरीचे नऊ वाफे. कालच तिने फळांखाली ताजा पेंढा घातला होता. पहिली फळं लाल व्हायला लागली होती आणि येत्या रविवारी चॅपलचा वार्षिक चहा होता. त्या चहाला ऑलिव्ह गॅदरकोलच्या स्ट्रॉबेऱ्या असायच्याच. पाद्री बदलले तरी त्या बदलल्या नव्हत्या.

“मागची मोरी उघडली तर?” ती म्हणाली.

“मी तसं बोललो नाही.”

“बोलला नाहीस. पण कालपासून जेवताना खिडकीबाहेर बघतोयस. मला वाटलं, स्ट्रॉबेरीवर डोळा आहे.” तिने गमबूट ओढले. “चल. पन्नास मिनिटं आहेत.”

फळ्या पाण्याने फुगल्या होत्या. वरची निघता निघेना. पर्सीने एका बाजूने लाथ घातली, ऑलिव्हने दुसऱ्या बाजूने, आणि ती अशी सुटली की दोघंही चिखलात बसले. दुसरी त्यामानाने शहाण्यासारखी निघाली. पाणी धाडकन चरात कोसळलं. ऑलिव्ह एप्रन खोचून बांधावरून धावत गेली आणि तिने मोरीचं झाकण उचललं. चर काठाशी थरथरला, पण उतू गेला नाही. जेवढं पाणी येत होतं तेवढं तिच्या बागेत जात होतं. आधी पेंढा तरंगला, मग पानं बुडाली. डुक्कर आपल्या खोपटाच्या फळीवर चढून हे बघत राहिलं. एकला पाच कमी असताना कुरणाचं पाणी तीन बोटं उतरलं होतं आणि बागेत गुडघाभर होतं. दोघांनी फळ्या पुन्हा बसवल्या, मोरी बंद केली, आणि पर्सीने घरी येऊन हिरवी टोपी घातली. जेवण राहिलं ते राहिलंच.

पाऊस त्या संध्याकाळी थांबला. बुधवारी सकाळी पर्सीचं तातडीचं पत्र वेळेवर मिळालं. निळ्या टोपीने उत्तर दिलं, की दारावर चिखलाच्या खुणा दिसतात, आपल्या माणसाला याविषयी काही ठाऊक आहे काय? हिरव्या टोपीने कळवलं, की आमचा माणूस त्या वेळी जेवायला गेला होता. हे उत्तर खोटं होतं की खरं, यावर पर्सीने बराच विचार केला. जेवायला गेला होता हे खरं होतं; जेवला असं त्याने लिहिलं नव्हतं.

गुरुवारी कॉथॉर्न साहेब स्वतः आले. मंगळवारच्या नोंदींत एका तासात कुरणाची पातळी अशी कशी उतरली, असं त्यांनी पर्सीला विचारलं.

“साहेब, बारा ते एक मी नसतो,” पर्सी म्हणाला.

“म्हणजे? कुठे असता?”

“बारा ते एक तो माझा असतो,” काउंटरमागून ऑलिव्ह म्हणाली. “माझ्या बागेत मी पाणी घेतलं. रूबेनचा एक बटाटा भिजलेला नाही, मोजून घ्या. तक्रार असेल तर लेखी द्या. तिकीट इथेच मिळेल.”

साहेबांनी मागच्या खिडकीतून ते तळं बघितलं. त्यात दोन बदकं येऊन बसली होती. साहेबांनी टोपी घातली, दारातच क्षणभर थांबून पुन्हा काढली, ऑलिव्हला मान लववली आणि निघून गेले.

शुक्रवारी जेवणाच्या तासात पर्सी ऑलिव्हला कुरणात घेऊन गेला. घरट्यापाशी आजवर त्याने कोणाला नेलं नव्हतं. नराने त्यांच्या डोक्यावरून एवढ्या घिरट्या घातल्या, की ऑलिव्हला एप्रन डोक्यावर घ्यावा लागला. चारही अंडी फुटली होती. पिल्लं म्हणजे पायांवर ठेवलेला कापसाचा बोळा, तेही पाय स्वतःचे नसल्यासारखे टाकत होती. ऑलिव्हने वाकून बघितलं. एवढ्यासाठी का, असं ती म्हणेल अशी पर्सीला धास्ती होती. ती म्हणाली, “तुझ्या आजोबांना यात खायला काय दिसलं?”

शनिवारी घरटं रिकामं. रूबेन सकाळी दहा वाजता धापा टाकत आला आणि म्हणाला, की माझ्या बटाट्यात लांब तंगड्यांचं काहीतरी पळतंय. ज्या पिल्लांसाठी ओलं कुरण जपलं होतं, ती कोरड्या बाजूला राहायला गेली होती. पर्सीने सवयीने घड्याळ काढलं, न बघताच खिशात घातलं, आणि रूबेनला तिथल्या तिथे, निळ्या टोपीत, सगळं सांगितलं.

रविवारी चॅपलच्या चहाला ऑलिव्हने रुबार्बच्या आंबट देठांचा टार्ट नेला. बायकांनी स्ट्रॉबेऱ्यांचं विचारलं. यंदा गोगलगायींनी खाल्ल्या, असं तिने सांगितलं आणि चहा ओतत राहिली. पर्सी मागच्या बाकावर बसून ते ऐकत होता. परतताना वाटेत त्याने चारदा घसा खाकरला. चारही वेळा ऑलिव्ह थांबली, आणि चारही वेळा तो ढगांविषयी काहीतरी बोलला.

सोमवारी बाराच्या ठोक्याला त्याने काउंटरवर एक पाकीट ठेवलं आणि तिकीट मागितलं. पत्ता ऑलिव्हचाच होता. तिने पाकिटावर शिक्का मारला, थैलीत टाकलं, सील केलं. फोडून बघण्याचा मोह तिला झाला, नाही असं नाही. पण थैली राणीसाहेबांची होती. ते पत्र शहरात जाऊन रात्रभर राहून मंगळवारी सकाळी परत आलं, आणि तिने ते या वेळी स्वतःच्या कपाला टेकवून ठेवलं. पर्सी समोर बसून अंड्याकडे बघत होता.

पत्रात लिहिलं होतं: ‘महोदया, आपले नऊ वाफे गेले. चार पिल्लं झाली. सव्वीस वर्षं मी पाण्याची बाजू घेतली, अकरा वर्षं पाखरांची. आपली बाजू घ्यायची राहिली, हे लक्षात आलं आहे. नवे वाफे मी खणीन. आपला, पर्सी गॅदरकोल.’ सहीखाली, जिथे तो नेहमी मंडळाचं नाव लिही, तिथे कंसात लिहिलं होतं, ‘टोपी नाही’.

ऑलिव्हने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि त्याच्या कपात चहा ओतला.

“काय?” पर्सीने विचारलं.

“उद्या कळेल,” ती म्हणाली. “उत्तर पोस्टाने येईल.”