नाल्यापल्याडचा मोह

ती सकाळ अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही. मोहफुलांचा हंगाम होता. राजुऱ्याकडच्या एका जंगलकाठच्या गावातून पोलीस पाटलांचा ठाण्यात फोन आला. फुलं वेचायला गेलेल्या दोघी जावांवर वाघ चालून आला होता. धाकटी पळत घरी आली, थोरलीचा पत्ता नव्हता. ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगून मी महिला शिपायाला घेऊन निघालो.

धाकटी अंगणात बसली होती आणि भोवती अख्खा गाव.

"कुठी टाकून आली तिले? बोल ना वं!" थोरलीचा नवरा ओरडत होता.

वनरक्षक त्यांच्या मोहाखाली पाहून आला होता. तिथे ना ठसा, ना टोपली. या भागात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. मग शोधायचं कुठे? थोरली जखमी होऊन पडली असेल, तर उशीर म्हणजे तिचा जीव.

घाई मलाही होती. पण धाकटीचे दात वाजत होते. अशा माणसाला दरडावलं तर उत्तर मिळतं, पण ते आपल्याला हवं असलेलं, खरं नव्हे. मी गर्दी पांगवली.

"साहेब, वेळ चालला," पाटील कुरकुरले.

"म्हणूनच," मी म्हणालो.

शिपाई बाईंनी तिला घरात नेलं, अंगावर लुगडं टाकलं, पाणी दिलं आणि शेजारी जमिनीवर बसल्या. मी उंबऱ्याशी बसलो. "बाई, तू घरात आहेस. वाघ इथे नाही. मी दारात बसलोय, कोणी आत येणार नाही. सांगता येईल तेव्हा सांग." थोरली सापडेल असं खोटं वचन मात्र दिलं नाही. मग गप्प राहिलो. पोलिसाला गप्प बसणं फार जड जातं.

तिनं पेला रिकामा करून खाली ठेवला. तिनं दाराबाहेर पाहिलं.

"ते भाऊ गेले का?"

"कोण?"

"ज्याइचं झाड हाये ते. आमच्या झाडाले फुलं नाई, म्हनून नाल्यापल्याड त्याइच्या मोहाखाली गेलतो. चोर म्हनतीन आमाले, साहेब. ते समोरच उभे होते."

आम्ही धावलो. थोरली त्याच मोहावर चढून बसली होती. मांडी पंजाने फाटलेली, रक्त बरंच गेलेलं, पण शुद्धीवर. झाडाच्या मालकानेच वर चढून तिला उतरवलं. फुलांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढे ठाण्यात नवा शिपाई आला की मी त्याला एवढंच सांगायचो, घाबरलेल्या माणसाचा जबाब नंतर, आधी त्याला बसव. हे मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्या थोरलीनं पक्कं शिकवलं. त्या सकाळी बाजेवरून आणताना तिनं माझी बाही धरली. मला वाटलं, दवाखान्याचं विचारेल.

"साहेब," ती म्हणाली, "धाकटीले कोनी पानी देल्लं का? लय भेली असन ते."