शकुबाईनं एकटीनं उभी केलेली डोलकाठी

सिद्धेश्वरच्या धरणात शकुबाईनं अठ्ठावीस वर्षं वल्हं मारलं. नवरा जळबा जाळं टाकायचा, ही नाव सांभाळायची. दोघांचे खांदे दुखायला लागले तेव्हा जळबानं दोन अरुंद नावा आडव्या बल्ल्यांनी जोडल्या, मधल्या बल्लीवर बांबूची डोलकाठी बसवली आणि ताडपत्रीचं शीड लावलं. वारा असला की हातांना तेवढाच आराम. काठावरून विजेच्या तारा गेलेल्या, म्हणून काठी आडवी ठेवूनच नाव पाण्यात न्यायची आणि तारांपासून लांब गेल्यावर दोघांनी मिळून उभी करायची.

यंदा शिमग्यानंतर उभी करता करता काठी सुटली आणि जळबाच्या मनगटावर आदळली. हाड जुळलं, पण मूठ वळेना.

तेव्हापासून शकुबाई एकटीच वल्हवत जायची. घरी आली की तिला भाकरी थापायलाही हात उचलवत नसे. शेवटी ती औंढ्याला अफरोज वेल्डरकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, ती काठी हातानं उचलायचीच न्हाई," तो म्हणाला. "बुडाला बिजागरी लावून देतो. दोन्ही नावांना बाजूचे दोर आधीच बांधा, म्हंजे काठी कलंडणार न्हाई. पुढं दोन बांबूंची कैची उभी करा, शेंड्याचा दोर तिच्यावरून पुढच्या कप्पीत घ्या आन् मागं उभं राहून ओढा. काठीखाली मात्र थांबू नका."

त्याच दिवशी त्यानं येऊन बिजागरी आणि कप्पी बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाव तारांपासून दूर, उथळ पाण्यात नेली. जळबा काठावर बसला होता. तिनं दोर बांधले, कैची लावली आणि ओढायला सुरुवात केली. काठी कमरेएवढी उचलली गेली, आणि वाऱ्याच्या झोतानं उजवीकडे झुकली. डावा दोर ढिला राहिला होता.

"सोड! सोड ते!" जळबा ओरडला.

सोडलं असतं तर काठी पुन्हा तशीच आदळली असती. तिनं दोराचा वेढा नावेच्या खुंटीला घातला आणि वीतवीत ढील देत काठी खाली निजवली. मग घटकाभर बल्लीवर बसून राहिली. आता न्हाई होत, असं तिला अगदी मनापासून वाटलं. तरी उठली. डावा दोर आवळला, उजवा हलवून पाहिला आणि पुन्हा ओढायला लागली. चार हात ओढायचं, खुंटीला वेढा, दम. पुन्हा चार हात.

काठी उभी राहिली. पुढचा दोर पक्का बांधून तिनं काठाकडं पाहिलं. जळबा पाठ फिरवून बसला होता.

"काहून तिकडं तोंड करून बसले? झालं!"

त्यानं मान वळवली. काठी बुडापासून शेंड्यापर्यंत पाहून घेतली.

त्या दिवशी जाळ्यात बेताचीच मासळी होती, आणि परतीला वारा पडल्यानं निम्मी वाट वल्हवावं लागलं. दुपारी ती ओसरीवर आडवी झाली. जळबा तिचा खांदा डाव्या हातानं चोळायला बसला.

"उद्या मी बी येतो. जाळं तरी धरीन."

"या," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पण काठीला हात लावायचा न्हाई."

तो काही बोलेपर्यंत तिला झोप लागली होती.