टर्बोची दोन मिनिटं

बाबांची डिझेल गाडी चौदा वर्षांची आहे आणि तिने चाळीसच्या पुढचा आकडा क्वचितच पाहिलाय. खाप्याला, म्हणजे आईच्या माहेरी, जायचं ते एसटीने. एवढ्या लांब गाडीला त्रास कशाला? मात्र घरी आल्यावर बाबा इंजिन लगेच बंद करत नाहीत. तापलेल्या टर्बोला दोन मिनिटं गार होऊ द्यावं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. कोपऱ्यावरून भाजी आणली तरी दोन मिनिटं. आई आत पालक निवडायला बसते आणि बाबा बाहेर घड्याळ बघत टर्बो गार करतात.

या हिवाळ्यात गाडी पीयूसीला नापास झाली. धूर काळाकुट्ट. बाबांना नापास व्हायची सवय नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवताना दुसऱ्यांना नापास करायचं काम त्यांच्याकडे होतं.

"आणखी एकदा पाहू," ते म्हणाले. "नाही झाली तर देतो भंगारात. अन् या वयात दुसरी घेत नाही."

गाडी गेली की बाबांचं एकट्याने बाहेर पडणंही जाणार होतं. मला त्याची भीती वाटली.

सदर बाजारामागच्या गल्लीतल्या मेकॅनिकने एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, एक चक्कर मारली आणि हात पुसत म्हणाला, "काकाजी, गाडी बिमार नाही. तुमीच तिले कधी पळू नाही दिलं. सारी काजळी आत बसून राहिली. उमरेडकडे न्या, तिसऱ्या गिअरमधी ताणा, अन् गरम गरमच तपासाले घेऊन जा."

बाबांनी मुकाट्याने किल्ली माझ्या हातात दिली. असलं पाप त्यांना स्वतः करायचं नव्हतं.

उमरेड रोडला मी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. मग आतून बारीक शिट्टी आली आणि पाठ सीटला टेकली. मागे असा ढग उठला की एक मोटरसायकलवाला तोंडाला रुमाल बांधायला थांबला. बाबा रिकाम्या जागी ब्रेक दाबत होते.

"हळू वं, समोर ट्रक आहे."

"बाबा, तो अजून उमरेडातच आहे."

तो कोळशाचा ट्रक आम्ही मागे टाकला तेव्हा बाबांनी मान वळवून पाहिलं. आजवर ट्रकच त्यांना मागे टाकत आले होते. परतीच्या वाटेवर धूर दिसेनासा झाला, आणि बाबा 'हळू' म्हणायचे थांबले.

तपासणीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि इंजिन ओरडेपर्यंत पाय दाबला, पुन्हा पुन्हा. पोराला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो तसे बाबा पाठ फिरवून उभे होते.

"झाली पास, काकाजी."

बाबांनी तो कागद उत्तरपत्रिकेसारखा दोनदा तपासला. घरापर्यंत गाडी त्यांनीच चालवली, चाळीसनेच. फाटकाशी मी उतरायला लागले.

"थांब. दोन मिनिटं."

मी बसून राहिले.

"एवढा दम होता वं हिच्यात," ते म्हणाले. "अन् मी तिले चौदा वर्षं भाजी आणाले नेलं."

दोन मिनिटं झाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, किल्लीला हात लावला आणि तो परत काढून घेतला.

"आत जाऊन तुझ्या आईले विचार, खाप्याले येते का. तोवर मी गाडी चालूच ठेवतो."