नाल्यावरची भिंत

धनीबाईच्या वाटेले जाऊ नये, हे आमच्या तांड्यात शेंबड्या पोराले बी ठाऊक हाय. तिच्या बकरीले दगड मारला म्हणून एका धटिंगणाच्या तोंडात तिनं अशी ठेवून देल्ली का त्याचा दातच पडला. पण पोटच्या पोरावर ती हात उचलन, असं कोणाले वाटलं नव्हतं.

रिठदच्या रस्त्याले आमचा तांडा. वरच्या वावराइचं सारं पाणी तांड्याबाजूच्या नाल्यानं निंगून जाय. दिवाळी झाली का आमी ऊस तोडाले जातो, मांगं राहते म्हातारे. तोच मोका साधून एका शेटनं नाल्याकाठचं वावर घेतलं, प्लॉट पाडले, नाला मुरमानं बुजवला अन् वरून कंपाउंडची भिंत ठोकली. पाण्यासाठी खाली एक पाइप टाकला. त्यातून मांजर बी जाणार नाही!

धनीबाई एकटी जेसीबीपुढं आडवी झाली. शेटच्या माणसाइनं तिले केसाले धरून फरफटत रस्त्यावर फेकलं. तिथला चौकीदार उभा पाहात राह्यला. तो चौकीदार म्हणजे तिचाच लेक, वीरेंद्र. शेटनं त्याले नाल्यावरचाच प्लॉट देल्ला होता, अन् त्यानं तिथं खोली बांधाले घेतली होती. ऊस तोडून कंबर मोडलेलं पोट्टं ते, त्याले पक्कं घर पाह्यजे होतं. पण मायले मारतानी गप राह्यला, याचा मले आजबी संताप येते.

उन्हाळ्यात आमी परतलो, अर्ज देल्ला. तहसीलचा साहेब म्हणे, नकाशात नालाच नाही.

"मंग पाण्याले दाखवा तुमचा नकाशा," धनीबाई म्हणाली.

आषाढात एका दुपारी धो धो पाणी आलं. भिंतीले अडलं अन् तांड्यात घुसलं. माही सून अंजू ओली बाळंतीण; लेकराले छातीशी धरून खाटेवर उभी, अन् पाणी खाटेले लागलेलं. धनीबाईनं ते पाह्यलं, भिंत फोडाले टिकास उचललं अन् निंगाली. आमी मांगं पळालो.

भिंतीपुढं वीरेंद्र लोखंडी सब्बल घेऊन उभा. भिंतीपल्याड त्याची नवी खोली.

"याडी, मांगं सरक! माहं घर जाईन!" आमच्यात मायले याडी म्हणते.

"आरं मुडद्या, तिथं लेकरू बुडून राह्यलं!"

त्यानं तिले ढकललं. ती चिखलात तोंडावर पडली, उठली. त्यानं सब्बल तिच्या खांद्यावर हाणली. बाप रे! म्हातारी हलली नाही. टिकासाचा दांडा फिरवून तिनं त्याच्या नडगीवर असा घातला का हाड मोडल्याचा आवाज आमी पावसात ऐकला. तो गुरासारखा वरडला. त्याले कॉलर धरून बाजूले ओढलं अन् ती भिंतीवर तुटून पडली. मंग आमीबी भिडलो.

भिंत धसली. पाण्यानं वीरेंद्रची खोली दारासकट नेली. तांड्यातलं पाणी उतरलं, अंजू अन् नातू वाचले.

पाय वाकडाच जुळला. वीरेंद्र मायच्याच झोपडीत पडून राहे. ती रोज तेल चोळे, तो भिताडाकडं तोंड करे. बोलणं बंद.

काल शेटचे माणसं भिंत बांधाले पुन्हा ईटा घेऊन आले. वीरेंद्रनं आवाज ऐकला. दाराले धरून उठला.

"याडी, टिकास कुठं हाय?"

इतका मार खाऊन कधी न रडलेली धनीबाई तिथंच खाली बसली अन् ढसाढसा रडली.