आरसा धरून वाचा

शाळेच्या शिपायानं आणलेली चिठ्ठी वाचली आणि शिक्केवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन रबरी शिक्के हवे होते. पहिला वाचनालयाच्या पुस्तकांसाठी: ‘प्रेमळ, शांत, सोशिक सिस्टरांच्या स्मरणार्थ.’ दुसरा दाखल्यांसाठी: ‘अभ्यासात अप्रगत. नाव कमी केले.’

“हा दुसरा कुणासाठी?”

“सिस्टरांच्या वर्गातली अकरा मुलं,” शिपाई खाली बघत म्हणाला. “त्या गेल्या, आता खोली रिकामी करायचीय. तुमची भाचीपण आहे त्यात.”

शांत म्हणे! सोशिक म्हणे! अहो, ती बाई म्हणजे निखारा होती. पहाटेच्या प्रार्थनेत देवाशीसुद्धा भांडत असेल. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, ननच्या पांढऱ्या झग्याला खडूची धूळ माखून, तिनं एकतीस वर्षं तीच मुलं शिकवली, जी बाकीच्या मास्तरांनी ओवाळून टाकली होती. मेल्यावर तिला गरीब गाय करून टाकलं, कारण गाय उलटून बोलत नाही.

शिक्केवाला स्वतः त्याच खोलीतला. लहानपणी तो अख्खी ओळ उजवीकडून डावीकडे लिहायचा, अक्षरं पाठमोरी. शाळेत त्याचं नाव पडलं ‘उलट्या’. मास्तर गालफडं सुजवायचे, आई देवाला बोल लावायची. एक दिवस सिस्टरांनी वही बघितली आणि वॉचमनचा दाढीचा आरसा मागून आणला. वहीशेजारी धरला. आरशात सगळं सरळ! ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा चूक नाही. सिस्टर हसल्या नाहीत, भडकल्या. वही, आरसा आणि पोराचं मनगट धरून तरातरा तेव्हाच्या हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. “पोरगं बरोबर लिहितंय. तुम्ही कुठल्या बाजूनं वाचताय ते आधी बघा!”

मग चार वर्षं त्यांनी त्याचा हात सरळ केला. कान पिळले, पाटी फेकली, शाबासकी एकदाही दिली नाही. पण शाळा संपताच बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिक्केवाल्याकडे त्याला घेऊन गेल्या. “शिक्क्यावर अक्षरं उलटीच कोरायची ना? याला जन्मतः येतात.” निघताना वॉचमनचा आरसा त्याच्या खिशात कोंबला. परत केलाच नव्हता बाईंनी!

“नाही म्हणून कळवा,” बायको म्हणाली.

“मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करील.” तो रबर कापायला बसला. एक रेघ वाकडी गेली नाही.

स्मरणसभेच्या दिवशी तो दाखल्यांचा शिक्का तेवढा घेऊन शाळेत गेला. हेडमास्तर घाईत होते. सभेआधी अकरा दाखले उरकायचे होते. पहिल्यावर, नेमका भाचीच्याच दाखल्यावर, त्यांनी शिक्का दाबला आणि किंचाळले, “अहो, हे उलटं आलंय! अक्कल गहाण टाकलीत का?”

“उलटं कसं? तुम्ही कुठल्या बाजूनं वाचताय?” त्यानं खिशातला आरसा काढून कागदाशेजारी धरला. हेडमास्तर वाकले. आरशात त्यांचा घामेजला चेहरा दिसला, आणि त्याच्या खाली सरळ अक्षरांत: ‘अभ्यासात अप्रगत.’

“थट्टा करता? उद्या बाजारातून दुसरा आणतो!”

“आणा. तोवर हा सगळ्यांना दाखवतो.” दाखला उचलून तो थेट सभागृहात शिरला. पालक बसले होते, बहीण पहिल्याच रांगेत. तिला शाळेनं अवाक्षर कळवलं नव्हतं, त्यानंही मुद्दाम सांगितलं नव्हतं. व्यासपीठावर फोटोला हार घातला होता. शिक्केवाल्यानं माईकही मागितला नाही.

“सिस्टर प्रेमळ नव्हत्या, तापट होत्या! तुमच्या-आमच्या पोरांसाठी भांडून भांडून घसा बसला त्यांचा. आणि त्यांच्या फोटोला हार घालून, त्यांच्याच वर्गातल्या अकराही मुलांना आज हाकलतायत. हे बघा!”

कागद आणि आरसा हातोहात फिरले. बहिणीनं लेकीचं नाव वाचलं, खालचा शिक्का आरशात वाचला आणि उठून उभी राहिली. मग एकेक करून अकराही घरं उभी राहिली. कुणी बसेना.

दारात आलेल्या हेडमास्तरांनी घसा खाकरला. “गैरसमज झालाय. सिस्टरांचा वर्ग चालूच राहील.”

“लिहून द्या,” शिक्केवाला म्हणाला. “सरळ अक्षरांत.”