मिलच्या गेटावरचं थालीपीठ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं नाव घेतो. आमचे आईवडील दर हंगामाला पेडगाव सोडून ऊसतोडीला जायचे. आक्का लग्न होऊन गंगाखेडला गेली आणि एकदा माहेरी आली तेव्हा मलाही सोबत घेऊन गेली. दाजींना म्हणाली, "ह्याला टोळीत न्हाई पाठवायचं. माझ्यापाशी राहून शिकंल." दाजी म्हणाले, "बरं." एवढ्या एका 'बरं'वर मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.

आक्काची एक अट होती. "भाकरी बी शिकायची. पदवी तव्यावर टाकून खाता येत न्हाई." म्हणून मी भाकरी शिकलो. ज्वारी जुनी असली की पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना फाटते. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, हेही तिनंच शिकवलं.

नोकरी लागली ती थेट मध्य आफ्रिकेत, काँगोतल्या लाकूडधंद्यावर चालणाऱ्या एका गावात. एका भारतीय मालकाची सॉ मिल होती. तिथं मी स्टोअरकीपर. आऱ्याची, म्हणजे मोठ्या करवतीची पाती, ग्रीस, हातमोजे यांचा हिशोब माझ्याकडे.

पहिल्या सकाळी मिलचा भोंगा वाजला आणि मला गंगाखेडच आठवलं. कारखाना सुरू झाला की आपल्याकडं कसं चहाच्या टपरीपासून सायकल दुरुस्तीपर्यंत सगळं जागं होतं, तसंच हे गाव. जंगलातून ट्रेलरवर ओंडके यायचे, माणसाच्या उंचीहून जाड. त्यांच्या फळ्या होऊन बंदराकडं जायच्या. उरलेल्या कडेच्या पट्ट्या बायका डोक्यावरून न्यायच्या. त्यातून कुणी कोळसा पाडायचं, कुणी त्यांच्या धुरावर नदीतले मासे वाळवायचं, कुणी घराची भिंत उभी करायचं. वीजसुद्धा मिलच्या जनरेटरची. शनिवारी पगार झाला की संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. न्हाव्यापुढं रांग, शिंप्यापुढं रांग, आणि सगळीकडं गाणी.

मिलच्या गेटाबाहेर बायकांच्या चुली होत्या. त्यांतली एक माझी रोजची. तिथं मोठ्या बाईला आदरानं 'मामा' म्हणतात. माझी जीभ अडखळायची, म्हणून मी मनातल्या मनात तिला मामाबाई म्हणायचो. ती मैद्याचे गोल गुलगुल्यांसारखे वडे तळायची, सोबत उसळ. पहिल्या पाळीचे अर्धे कामगार तिच्याकडं खाऊन आत जायचे. तिच्या तीन मुली त्या कढईवर शाळा शिकत होत्या.

मग लांबलेल्या पावसाचे दिवस आले. तिथला रस्ता लाल मातीचा. पाऊस झाला की रस्त्यावर आडवा दांडा टाकतात आणि रस्ता वाळेपर्यंत ट्रक सोडत नाहीत. त्या वेळी पाऊस थांबलाच नाही. फळ्या इकडं पडून राहिल्या, मैदा तिकडं. दुकानातला मैदा संपला आणि मामाबाईची कढई उपडी झाली.

गेटावरच्या बायकांचा एक रिवाज होता. जी चूल थंड राहील, तिची जागा तिथं आपली चूल पेटवणारीची. त्यात भांडण नसायचं, पण माफीही नसायची. शेजारच्या मासेवालीनं आपली टोपली हळूच मामाबाईच्या चुलीच्या दगडांजवळ सरकवली होती.

मी तिच्या बोलीत मोडकंतोडकं म्हणालो, "घरोघर कसाव्याचं पीठ आहे की."

"ते सगळे घरीच खातात. तेच विकत कोण घेईल?"

"भाकरी करू. पीठ आहे तिथं भाकरी होते."

हे मी परभणी जिल्ह्याच्या पूर्ण आत्मविश्वासानं बोललो. पांढरंशुभ्र, भुसभुशीत पीठ पाहून मला वाटलं, ह्याला विरी अजिबात नसणार. मी उकळतं पाणी ओतलं आणि हात घातला. कसाव्याचं पीठ म्हणजे कंदाचं पीठ. त्यात चिकटपणाशिवाय दुसरं काही नसतं. हात मनगटापर्यंत डिंकात गेला. हात उचलला तर परात हातासोबत वर आली.

मिलमधला एक आरेवाला कामगार बघत उभा होता. तो म्हणाला, "हे स्टोअरमध्ये जमा कर. तुटलेल्या फळ्या जोडू."

मामाबाई हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या देशात हे खातात? तरीच तू असा काटकुळा."

दुसऱ्या हातानं मी आक्काला व्हिडिओ कॉल लावला. तिनं आधी माझा हात पाहिला, मग परात.

"काय करायलास रे? उकळतं पानी घातलंस व्हय?"

"तूच शिकवलंस की."

"ते जुन्या ज्वारीला, येड्या. हे तर भिजल्या साबुदाण्यावानी चिकट दिसायलंय. उपासाच्या थालीपिठावानी कर. गार पानी घे. शेंगा मिळत्यात का तिथं?"

शेंगा तर पोत्यानं मिळायच्या. मामाबाईनं दाणे भाजून पाट्यावर वाटले, मिरची ठेचली, आणि आपल्या मनानं त्यात एक पिकलं केळं कुस्करलं. आक्का फोनमधून ओरडली, "केळं कशाला गं बाई?" मामाबाईला मराठी कळली नाही, हे बरं झालं. तळून निघालेलं पहिलं थालीपीठ आरेवाल्यानं खाल्लं. लगेच दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी मामाबाईची चूल पेटली. मासेवालीनं टोपली मागं घेतली आणि स्वतःसाठी दोन थालीपिठं मागितली.

पुढं मोबाईल टॉवरचं डिझेलही अडकलं, फोन बंद पडले. नदीतून लाँचनं एक सहकारी भारतात निघाला होता. त्याच्यासोबत मी आक्काला पत्र पाठवलं. ती चौथीपर्यंत शिकली आहे. अक्षर मोठं असलं की कुणाची मदत घेत नाही, म्हणून मोठं काढलं.

"ती. आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन बंद हायेत, काळजी करू नको. मी मजेत हाय. मामाबाईची जागा राहिली. रस्ता अजून बंदच हाय, पण गेटावर गर्दी तिच्याच चुलीपाशी. आता मैदा आला तरी ती थालीपीठ सोडणार न्हाई म्हणती. केळं बी सोडणार न्हाई. तू रागावू नको, खरंच चांगलं लागतंय.

एक गंमत सांगतो. तू म्हणालीस ना, साबुदाण्यावानी दिसायलंय? मी इथल्या इंजिनिअर सायबाला विचारलं. साबुदाणा ह्याच कंदाचा करतात. म्हणजे तू दर एकादशीला जे खातीस, तेच हे सगळं गाव रोज खातंय. मला पदवी घेऊन कळलं न्हाई, तू फोनमधून नुसतं बघून वळखलंस.

मामाबाई इचारती, तुझी बहीण कधी येणार. मी म्हणालो, दाजी 'बरं' म्हणले की.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ"