आरशाखालचा कॅमेरा

माझे वडील सात रस्त्याच्या चौकात भर दुपारी पडले. पडले म्हणजे पाडले गेले. उलट्या बाजूनं आलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना उडवलं आणि मागं वळूनही न बघता तो निघून गेला. लोकांनी वडिलांना उचललं, पाणी पाजलं, चप्पल शोधून पायात घातली, रिक्षात बसवलं. रिक्षावाल्यानं भाडंसुद्धा घेतलं नाही. त्या बाबतीत आमचं गाव मायाळू आहे. फक्त गाडीचा नंबर विचारला की सगळ्यांना कामं आठवतात. चहावाला म्हणाला, मी दूध ओतत होतो. पानवाला म्हणाला, मी पाठमोरा होतो. एवढा मोठा चौक, आणि त्या घडीला सगळेच पाठमोरे! खुब्याचं हाड मोडलेले वडील त्यानंतर शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू शकले नाहीत. बाहेर पडले ते चौघांच्या खांद्यावरूनच.

त्यांचे दिवस झाल्यावर मी स्कूटरच्या आरशाखाली कॅमेरा बसवून घेतला. बसवणाऱ्या पोरानं विचारलं, "मॅडम, लडाखला निघालात का?" म्हटलं, "अक्कलकोट रोडला. ते जास्त अवघड आहे."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मी माल तपासते. टॉवेल टेबलावर पसरायचा, उजेडात धरायचा, तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली कड शोधायची आणि तो तुकडा बाजूला काढायचा. वर्षानुवर्षं हेच केलं की नजरेला तीच खोड लागते. रस्त्यावरही मला दुसरं काही दिसेना. कानाला फोन लावून एका हातानं गाडी चालवणारे, दुभाजकाला वळसा नको म्हणून खुशाल उलटे येणारे, टेम्पोच्या मागं हातभर लोखंडी गज काढून लाल फडकंही न बांधणारे. मी रोज संध्याकाळी चहा पीत त्या दिवसाचं चित्रण बघायची, हवा तेवढा तुकडा कापायची आणि फोनवरून वाहतूक पोलिसांना पाठवायची. कधी उत्तर यायचं, कधी नाही. कुणाला दंड झाल्याचं कळलं की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे. खोटं कशाला बोलू?

आई म्हणायची, "लष्कराच्या भाकरी भाजायला तुला कुणी सांगितलंय? हात भाजला की कळेल." पेठेत माझं नाव 'सीसीटीव्ही' पडलं. समोरच्या काकूंच्या मुलाला दंडाचा मेसेज आला तेव्हापासून काकूंनी आमच्याकडं हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं नाही. त्यांचा मुलगा उलट्या बाजूनं, मोबाइल बघत, मागं स्वतःच्या लेकीला बसवून येत होता. नातीचा जीव वाचावा म्हणून मी पाठवलं, असं मी काकूंना सांगायला गेले. त्यांनी दार लावून घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

एका सकाळी कारखान्याकडं जाताना एमआयडीसीच्या अलीकडं सुताची बाचकी लादलेला एक टेम्पो मला घासून पुढं गेला. इतका जवळून की माझी ओढणी उडाली. मी शिवी हासडली. ती अजून पुरती तोंडातून बाहेर पडली नसेल, तोवर टेम्पोनं पुढच्या सायकलवाल्याला मागून धडक दिली. टेम्पो क्षणभर थांबला, आणि मग निघून गेला.

सायकलवाला मातीच्या कडेला पडला होता. चाळिशीच्या आतला, यंत्रमागावर काम करणारा. अंगातल्या सदऱ्याला सुताची फुलं चिकटलेली होती. शेजारी डबा उघडून पडला होता. मी ओढणीची घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवली. तो डोळे उघडून माझ्याकडं बघत होता. लोक धावले, रिक्षा थांबवली, त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागोमाग गेले.

त्याची बायको तिथं आली ती शेतातून उठून यावं तशी, हातपाय मातीनं भरलेले. अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. आल्या आल्या ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिची सासू मात्र सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती. "हिनं डबा येळेवर दिला न्हाई! माझं लेकरू उशीर झाला म्हणून पळत सुटलं! हिनं घालवला त्याला!" अजून तो जिवंत होता. मी मध्ये पडून म्हटलं, "आजी, टेम्पोनं उडवलंय त्यांना, मी बघितलंय." म्हातारीनं माझ्याकडं पाहिलंही नाही. दोन दिवसांनी तो गेला.

मी चौकीत गेले. यावेळी माझ्याकडं नंबर होता, स्वच्छ, अक्षर न् अक्षर दिसणारा. टेम्पो घासून जातो तिथपासून तो पळून जातो तिथपर्यंतचा तुकडा मी कापून नेला होता. हवालदार वयस्क होते. त्यांनी तो दोनदा बघितला, चष्मा काढून पुसला.

"ताई, तुम्ही रोज पाठवता ते आम्ही बघतो," ते म्हणाले. "पण कोर्टात साक्षीला या म्हटलं की माणसं गायब होतात. तुम्ही याल ना?"

"येईन."

"नक्की?"

"माझ्या वडलांच्या वेळी कुणीच आलं नव्हतं. मी येईन."

जबाब लिहून झाला, मी सही केली. घरी येताना मला रडू आलं, आणि त्यात थोडा आनंदही होता, हे सांगायला हवं. वाटलं, निदान एकाला तरी न्याय मिळेल. मला वाटलं होतं की खरं काय ते दिसलं म्हणजे पुरे.

त्या सायकलवाल्याचा थोरला भाऊ पंधरवड्यानं आमच्या घरी आला. माझा पत्ता त्यानं कुठून काढला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला. हातात टोपी, ती नुसती फिरवत होता.

"ताई, आमचं मिटलंय," तो म्हणाला. "टेम्पोवाले लांबच्या नात्यातलेच निघाले. तुमी आता त्यात पडू नका."

"मिटलं म्हणजे काय? माणूस मेलाय."

"त्याला उशीर झालता. घाईत आडवा घुसला. सगळ्यांनी तसंच सांगायचं ठरलंय."

मी फोन पुढं केला. "हे बघा. कुठं आडवा घुसलाय? कडेनं चाललाय तो. तुमचा सख्खा भाऊ ना?"

त्यानं फोनकडं बघितलं नाही. "सख्खाच हुता," तो म्हणाला. "त्याची दोन पोरं आता माझ्या घरात जेवत्यात. तुमच्या कॅमेऱ्यात न्हाई जेवणार ती."

मला राग आला, भयंकर आला. आईनं त्याला पाणी दिलं. तो ते न पिता गेला. त्या रात्री आई म्हणाली, "बघ, झालं की नाही हात दाखवून अवलक्षण?" मी आईवर ओरडले. आईवर ओरडणं सोपं असतं.

त्यानंतर महिनाभरानं, सुट्टीच्या दिवशी सकाळी, सायकलवाल्याची बायको एकटीच आली. बरोबर पोरं नव्हती, कुणीच नव्हतं. कपाळ मोकळं, पदर घट्ट आवळलेला. ती उंबऱ्याच्या आतच टेकली, खुर्चीवर बसायला तयार होईना. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली. साक्ष देऊ नका म्हणाली तर काय म्हणायचं, साक्ष द्याच म्हणाली तर काय म्हणायचं.

"अक्का," ती म्हणाली, "त्यात ते दिसत्यात म्हणं."

"दिसतात."

"मला दाखवता का?"

मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, "बघू नको गं. बघण्यासारखं नाही ते. आयुष्यभर डोळ्यांसमोरून जाणार नाही."

"पडल्यालं नगं," ती म्हणाली. "त्याच्या आदीचं दावा. पडायच्या आदी कसं चालले हुते, तेवढं."

आधीचं मी स्वतःच कधी बघितलं नव्हतं. मला टेम्पो हवा होता, नंबर हवा होता. टेम्पो यायच्या आधी रस्त्यावर काय होतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. त्या सकाळचं सगळं चित्रण मात्र मी जपून ठेवलं होतं. मी ते काढलं, तिच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि टेम्पो येण्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू केलं.

लांबवर एक सायकल दिसत होती. सुरुवातीला ठिपक्याएवढी, मग हळूहळू माणूस झाला. ती पुढं वाकली. "हेच," ती म्हणाली. पाठीवरूनच तिनं ओळखलं. तो रस्ता सोडून मातीच्या कडेनं चालला होता, निवांत पायडल मारत, डबा हँडलला हेलकावे खात होता. थोडं पुढं गेल्यावर एक धनगर शेळ्या रस्त्यापलीकडं नेत होता. दोन मोटारसायकली हॉर्न वाजवत शेळ्यांमधून घुसल्या. हा मात्र थांबला. एक पाय जमिनीवर टेकून उभा राहिला, सगळ्या शेळ्या जाईपर्यंत. मागं मीही थांबलेच असणार, पण ते मला आठवतही नव्हतं. मागं राहिलेल्या एका करडाला त्यानं हातानं हुसकलंही, आणि मग निघाला. तसाच, आपला कडेकडेनं.

टेम्पोचा आवाज यायला लागला तिथं मी थांबवलं.

 ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "घाई न्हवती की वो त्येंना."

"नव्हतीच," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "अजिबात नव्हती. अगं, हे सगळं कोर्टात दाखवायचं. शेळ्यांसकट दाखवायचं! तू माझ्या बाजूनं उभी राहा, मग बघू कोण म्हणतं आडवा आला ते."

तिनं मान हलवली. "तुमी खरं सांगा अक्का. तुमी सांगाच. मी दीर म्हणत्यात तेच सांगीन. उशीर झालता, घाईत आडवं गेले म्हणून. पोरं त्येंच्या घरात हाईत."

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. ज्या बाईसाठी मी कोर्टात उभी राहणार होते, ती माझ्यासमोर बसून सांगत होती की ती खोटं बोलणार, आणि खोटं बोलून सगळा दोष जन्मभर स्वतःच्या चुलीवर घेणार. "मग बघायला कशाला आलीस?" मी विचारलं. जोरातच विचारलं. आतून आई धावत आली.

ती मान खाली घालून बसली होती. बोलली ती आमच्याकडं न बघताच.

"उशीर माज्यामुळं झालता, ते खरंच हाय. पोराला ताप हुता, भाकरी मागं पडली. जाताना ते काय बोलले न्हाईत. मला वाटायचं, रागावूनच गेले, रागानं जोरात मारली असंल सायकल." तिनं फोनकडं हात केला. "रागावल्यालं माणूस शेळ्यांसाठी उभं ऱ्हात न्हाई की, अक्का."

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी पुन्हा खाली बसले. कोर्टाचं बोलावणं आलं की मी जाणार आहे, आणि त्या दिवशी ही समोरच्या बाजूला बसलेली असेल, हे मला तेव्हाच दिसत होतं. तिलाही दिसत असावं.

"आनी एकदा दावा," ती म्हणाली. मी पहिल्यापासून लावलं, आणि शेळ्या पलीकडं गेल्यावर थांबवलं.